एका बॉयलरची तीन सॉफ्टवेअरं

मिरजेजवळच्या एका कारखान्यात बॉयलरची डिझाइनं होत. टाकी, पाइप आणि सांगाडा असे तीन विभाग, आणि तिघांची सॉफ्टवेअरं तीन. तिन्ही डिझाइनं जुळणीला गेली की पाइप नेमका सांगाड्याच्या खांबातून आरपार!

राजोपाध्ये साहेब कडाडले, "सोमवारपासून सगळ्यांनी माझ्या पसंतीचं एकच सॉफ्टवेअर वापरायचं. जमणार नाही त्यानं घरी बसायचं!"

पाइपवाले पेडणेकरकाका पांढरेफटक पडले. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली, या वयात नवं कुठून शिकणार?

सांगाड्याची हेमांगी देवीचं नाव घेऊन उठली. "साहेब, आमची डिझाइनं आपण कशात तपासता?"

"कागदावर, लाल पेन्सिलीनं. का?"

"आपल्या खुणा तिन्ही विभागांना कळतात, कारण कागद सगळ्यांना वाचता येतो. तशी तिघांनाही उघडेल अशी एकच फाइल ठरवू. काम आपापल्या सॉफ्टवेअरात करू, संध्याकाळी त्या फाइलीत जोडून बघू. नाहीतर सोमवारी सगळ्यांत आधी आपली पेन्सिल घरी बसवावी लागेल."

साहेबांना हसू आवरेना. "बरं बाई, बघू तुमची फाइल."

त्याच संध्याकाळी खांबात घुसलेला पाइप पडद्यावरच सापडला. काकांनी तो वीतभर सरकवला, आपल्याच जुन्या सॉफ्टवेअरात.

हेमांगीला सुचलं, तसं अडल्या वेळी सर्वांना सुचो.