हवा ठीक सांगणारा पडदा

हळदीच्या एका पेठेत सिद्राम नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा राहत होता. त्या पेठेत हळद गोदामात ठेवत नसत, जमिनीत ठेवत. पंचवीस फूट खोल, आतून पोट सुटलेले आणि वर एक माणूस जेमतेम मावेल एवढे तोंड, अशा खड्ड्याला तिथे पेव म्हणतात. पेवात हळदीला कीड लागत नाही, कारण आत हवा खेळत नाही. ज्या हवेत कीड जगत नाही, त्या हवेत माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडले की हमाल अर्धा दिवस थांबत आणि मग दोरीला बांधून पेटता कंदील तळाशी सोडत. कंदील जळत राहिला तर माणूस उतरे. विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नसे.

सिद्रामचा मामा या पेठेत हमाल होता. एकदा त्याने कंदील सोडायचा कंटाळा केला आणि तो वर आलाच नाही. तेव्हापासून सिद्रामच्या डोक्यात एकच होते, की माणूस कंटाळतो, तर न कंटाळणारे काहीतरी करावे. दुकान सांभाळून, मोडक्या यंत्रांतल्या सर्किटच्या पाट्या जमवून, त्याने तीन वर्षांत घरच्या घरी एक संगणक जोडला. लांब तारेच्या टोकाला हवा जोखणारी बोटभर डबी लावली. डबी पेवात सोडायची आणि वर पेटीवरच्या आठ लाल दिव्यांकडे बघायचे. नववा दिवा हिरवा होता. तो दर सेकंदाला उघडझाप करी. यंत्र जागे आहे, एवढेच तो सांगे.

यंत्र चोख होते. अडचण एवढीच, की आठ दिव्यांची भाषा एकट्या सिद्रामला कळे. हमालांचा मुकादम दस्तगीर एके दिवशी पेटीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "अण्णा, ह्ये लाल दिवं तुमास्नी कळत्यात. उतरायचं आमास्नी हाय. सरळ अक्षरांत लिहून दावा की."

मुकादमाचे म्हणणे रास्त होते. सिद्रामने एका टाकाऊ टीव्हीची काच घेतली आणि तिच्यामागे एक छोटी पाटी बसवली. संगणकातून पाटीकडे एकच तार जाई. त्या तारेवरून एकामागून एक अक्षर रांगेने सरकत येई. पाटी ते लक्षात ठेवी आणि काचेवर उमटवत राही. पहिल्यांदा काचेवर "हवा ठीक. उतरा." असे उमटले, तेव्हा दस्तगीरने ते मोठ्याने वाचले, एकदा नव्हे तर तीनदा, आणि मागच्या हमालांकडे वळून सांगितले, की चौथीपर्यंतचं शिक्षण आज कामाला आलं.

पण त्या पाटीत एक खोट होती आणि ती सिद्रामला पहिल्याच आठवड्यात दिसली. संगणक मध्येच बंद पडला, तरी पाटीला ते कळत नसे. शेवटची आलेली अक्षरे ती तशीच दाखवत राही. मेलेल्या संगणकाचा पडदा जिवंत संगणकासारखाच दिसे. म्हणून सिद्रामने काचेच्या कोपऱ्यात एक आकडा ठेवला. तो दर सेकंदाला एकाने वाढे. आकडा पळतो आहे तोवर पडद्यावर विश्वास ठेवायचा, थांबला की ठेवायचा नाही.

पेठेचे मोठे अडते पारिसशेठ. त्यांनी यंत्र आपल्या आवारात बसवायचे ठरवले. उद्घाटनाला आमदार येणार, बाहेरगावचे व्यापारी येणार, सिद्रामला शाल-श्रीफळ मिळणार. आदल्या दिवशी शेठ पाहणीला आले. त्यांनी पेटीवर सागवानी खोके चढवायला सांगितले होते, आणि खोक्याआड नऊच्या नऊ दिवे झाकले गेले होते. मग त्यांची नजर काचेच्या कोपऱ्यावर गेली.

"हे काय पळतंय? रिक्षाचा मीटर लावलाय काय सिद्राम?"

सिद्रामने सांगायला सुरुवात केली, की यंत्र चालू आहे हे त्या आकड्यावरून कळते. शेठ हसले. म्हणजे तुमचं यंत्र बंदही पडतं की काय, असे त्यांनी विचारले. उद्या आमदारांनी हेच विचारलं तर मी काय तोंड दाखवू? आणि मग बाकीच्या पेठांतून मागणी कशी येईल? आकडा काढा.

सिद्रामला त्या वेळी दोन शब्द बोलता आले असते. तो म्हणू शकत होता, की आकडा राहील, नाहीतर पडदा राहणार नाही. तो घरी गेला आणि आकडा काढला. आकडा गेल्यावर काच सारखी-सारखी लिहीत राहण्याचे कारणही उरले नाही. म्हणून त्याने आणखी एक बदल केला. हवेचा निकाल बदलला, तरच संगणक नवी अक्षरे पाठवील. एरवी पडदा स्थिर. अक्षरे आता जराही हलत नव्हती. फार देखणी दिसत होती.

उद्घाटन झाले. शाल अंगावर असतानाच दस्तगीर सिद्रामजवळ आला आणि हळू आवाजात विचारता झाला, "अण्णा, एक इचारू? ह्ये मधीच बंद पडलं, तर आमास्नी कळंल न्हवं?"

चार पावलांवर पारिसशेठ आमदारांशी बोलत उभे होते. सिद्राम म्हणाला, "बंद पडायचंच नाही, मुकादम."

दस्तगीरने मान डोलावली. त्या दिवसापासून पेठेत कोणी कंदील सोडला नाही. एकदोघा म्हाताऱ्या हमालांनी आग्रह धरला, तर शेठांचे दिवाणजी त्यांची टिंगल करत, की आता कंदीलच काय, चंद्रसुद्धा उतरवा आत. अर्धा दिवस वाचू लागला आणि तो अर्धा दिवस शेठांच्या पदरात पडू लागला.

दोन महिने गेले. एका सकाळी एक पेव उघडले, डबी सोडली, पडद्यावर "हवा ठीक. उतरा." आले, आणि पोती निघाली. दुपारी विजेने दोन झोके खाल्ले. खोक्याच्या आत संगणक गोठला. काच आणि पाटी मात्र चालू राहिली. हमालांनी शेजारचे पेव उघडले आणि डबी तिथे नेऊन सोडली. पडद्यावर "हवा ठीक. उतरा." असेच होते. दस्तगीरने ते मोठ्याने वाचले. मुकादमाने आधी उतरायचे अशी रीत होती, म्हणून तो आधी उतरला. दोरी सैल पडली. म्हाळू ऐवळे नावाच्या हमालाने हाका मारल्या आणि ओ येईना म्हणून तोही झपाट्याने खाली गेला. तिसरा उतरत होता, त्याला चौघांनी कमरेला धरून मागे ओढले.

सिद्रामला दुकानातून बोलावले. सगळी माणसे पेवाच्या तोंडाशी गोळा झाली होती आणि यंत्रापाशी कोणीच नव्हते. पडद्यावर अजून "हवा ठीक. उतरा." होते. सिद्रामने खोके उचलले. हिरवा दिवा विझलेला होता. त्याने काही विचार केला नाही. बंद पडलेल्या यंत्रापुढे त्याचा हात तीन वर्षे जे करत आला होता, तेच त्याने केले. पुन्हा सुरू करायचे बटण दाबले. संगणक जागा झाला, त्याने डबीला विचारले आणि तारेवरून अक्षरे सरकत आली. "हवा वाईट. उतरू नका."

सिद्रामने खोके परत खाली ठेवले.

घटकाभराने फौजदार आले. पारिसशेठांनी त्यांना हाताला धरून पडद्यासमोर नेले. यंत्र तर स्पष्ट सांगतंय, ते म्हणाले. हमालांनी ओरडून सांगितले, की तेव्हा ठीक असं लिहिलं होतं, मुकादमानं आमच्यादेखत वाचलं. शेठ फौजदारांना म्हणाले, "अहो, ह्यांना वाचता कुठं येतं?" फौजदारांनी पडद्यावर होते ते लिहून घेतले. दोन माणसे स्वतःच्या हलगर्जीपणाने मेली, असे ठरायला एक चहा व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला.

दस्तगीरची बायको हलिमाबी सिद्रामपाशी आली. ती रडत नव्हती.

"अण्णा, माझा मानूस चौथी शिकल्याला. त्याला वाचाया येत हुतं. यंत्र तुमचं हाय. तुमी सांगा साहेबास्नी, आधी काय लिवलं हुतं."

फौजदारांनी वर पाहिले. पारिसशेठांनीही पाहिले. सिद्राम म्हणाला, "मी नंतर आलो, वैनी."

हे खरे होते. खोटे सांगायला काही वेळा खरेच पुरते.

त्यानंतर लोक म्हणू लागले, की सिद्रामचे यंत्र इतके पक्के, की ते नको म्हणाले आणि न ऐकणारे मेले. चार पेठांतून मागणी आली. सिद्राम पहिले नवे यंत्र जोडायला बसला आणि त्याने काचेच्या कोपऱ्यात आकडा घातला. मग तो बराच वेळ त्या पळत्या आकड्याकडे बघत राहिला. हा आकडा नव्या यंत्रात का आहे, असे कोणी ना कोणी विचारणार. जुन्यात का नव्हता, असेही विचारणार. आणि मग हलिमाबीपर्यंत ते जाणार.

त्याने आकडा काढून टाकला. चारही यंत्रे पहिल्यासारखीच गेली. स्थिर, देखणी अक्षरे, वर सागवानी खोके. चारही पेठांत आता कंदील सोडत नाहीत. दुकानाच्या दारात कोणी घाईने येऊन उभे राहिले, की सिद्रामच्या हातातली तारा जोडायची डागणी थांबते. अजून तरी कोणी तो निरोप घेऊन आलेले नाही.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट जो लपवतो, त्याला ती पुढे दुरुस्तही करता येत नाही, कारण दुरुस्ती हीच कबुली ठरते, आणि त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा त्याच्या शब्दावर विसंबून उतरणारे भोगतात.