चौथी मूठ

डोंगराच्या कुशीत एक एवढंसं खोपटं होतं आणि त्यात सोनकी नावाची एवढीशी पोर. पाड्यावरची सगळी माणसं कामाला खाली गेली होती. आई तापाने फणफणलेली, म्हणून मायलेकी तेवढ्या मागे राहिल्या. तापात आई बोलेनाशी झाली होती. सोनकी कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची. पण त्या काय उत्तर देणार, कपाळ! फार फार एकटी होती हो ती.

एक दिवस लाकूडफाटा संपला. पेज शिजेना. सोनकी कोयता घेऊन रानात गेली आणि तिने तो ऐनाच्या झाडावर उगारला. तर फांदीवर इवलीइवली लालचुटूक पालवी!

"अगं बाई, ही तर बाळं!" म्हणत तिने कोयता टाकला आणि ती टोपलीत पाचोळा वेचू लागली.

तोच पिवळी, तांबूस, सोनेरी पानं गरगर फिरली आणि त्यांतून चिमुकली पाचोळपरी उभी राहिली. तिच्या पंखांवर दव चमचमत होतं.

"माग बाळ, काय हवं?"

बोलायला कुणीतरी दे, असं ओठांवर आलं होतं. पण सोनकीला आईची पेज आठवली.

"चुलीपुरतं जळण दे."

"रोज टोपलीत चार मुठी पाचोळा मिळेल. एकेक मूठ घटकाभर जळेल. पण तीनच मुठी चुलीला हं! चौथी या झाडाच्या मुळाशी. सगळंच नेलंस, तर झाडाने काय खायचं?"

सोनकी रोज तसंच करी. मग एका संध्याकाळी हाडं गोठवणारा गारठा पडला. तीन मुठी जळून गेल्या, आई कुडकुडू लागली. हातात चौथी मूठ. बघायला तरी कोण होतं? सोनकी ढसाढसा रडली. पण शब्द म्हणजे शब्द! धावत जाऊन तिने मूठ ऐनाच्या मुळाशी ठेवली आणि परत येऊन आईला घट्ट बिलगून पडली, आपलीच ऊब देत.

उजाडलं. दारात परी उभी.

"शहाणी गं माझी! ओठांवर आलेलं मागणं गिळलंस ना, तेही दिलं." आणि लख्ख सोनेरी उजेडात परी नाहीशी झाली.

दाराशी ऐनाची कोवळी रोपं डुलत होती. टोपली पाचोळ्याने शिगोशीग भरली होती. सोनकीने पेज चढवली.

"सोनके," मागून आवाज आला, "दारात कोण बोलत होतं गं?"

आईचा आवाज! सोनकी सांगायला बसली ती बसलीच. पेज उतू गेली, तरी दोघींना पत्ता नव्हता.