बेशुद्ध साधूचं चिलखत

"आज ऋजुताचा साधू मरणार, कारण लोखंड त्याला..." एवढंच जिन्यात कानावर आलं, आणि मी विरजणाची वाटी घेऊन शेजारी पोचलेच.

फासे टाकत, प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक पात्र चालवायचा खेळ रंगला होता. शेजारच्या ऋजुताचं पात्र, तिने तीन वर्षं जपलेला वनसाधू, बाण लागून बेशुद्ध पडलेला, समोर राक्षस. वाचवेल असं एकच लोखंडी चिलखत सोबत्यांकडे होतं.

खेळ चालवणारा पुष्कर ऐटीत म्हणाला, "वनसाधू लोखंड घालत नाही."

"घातलं तर काय होतं रे?" मी विचारलं.

"काही होत नाही. तो नकोच म्हणतो."

"बेशुद्ध माणूस नको कसं म्हणेल? सोबती चढवतील की."

मी वाटी धरून उभीच. पुष्करने नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि मिटून म्हणाला, "चढवा."

साधू वाचला. शुद्धीवर येताच मात्र "लोखंड नको" म्हणत ऋजुतानेच त्याला चिलखत फेकायला लावलं. जिन्यात ऐकलेलं लोखंडाचं खरं होतं, मरणाचं तेवढं खोटं निघालं.