फियाटचं माहेरपण

कोल्हापुरात शालिनीताई इंगवले राहायच्या. यजमान गेले आणि मागे त्यांची आकाशी रंगाची जुनी फियाट राहिली. तिच्यातूनच दोघं संध्याकाळी पन्हाळ्यावर जायची; यजमान चालवायचे, ताई शेजारी बसायच्या. पत्रा गंजला, म्हणून ताईंनी ती माणगावे शेठच्या गॅरेजात दिली आणि ती तिथेच अडकली. विचारायला गेलं की शेठ म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की!" असं करत दोन वर्षं गेली. रिकामं अंगण बघवेना, म्हणून ताई संध्याकाळी मागच्या खोलीत बसू लागल्या.

एकदा शेठचा जाहीर सत्कार झाला. ताईही गेल्या. गळ्यात हार पडल्यावर शेठ माइकवर गरजले, "मी गाड्या दुरुस्त करत नाही, लेकीसारख्या जपतो!" टाळ्या कडाडल्या.

ताई उभ्या राहिल्या. "अगदी खरं, शेठ. माझी फियाट दोन वर्षं तुमच्याकडे माहेरपणाला आहे. पण लेक इतकी राहिली, की लोक बापालाच विचारतात, तिला नांदायला पाठवायचं नाही का?"

सगळं सभागृह हसत सुटलं. शेठ लालेलाल झाले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले, "दसऱ्याला पाठवतो."

आता गावच त्यांना विचारू लागलं. दसऱ्याच्या सकाळी शेठ स्वतः गाडी घेऊन आले. ताईंच्या मुलीनं किल्ली घेतली. ताई डावीकडचं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

"आई, निघायचं ना पन्हाळ्याला?"

"निघू गं," स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटवर हात ठेवत ताई म्हणाल्या, "तू लगेच बसू नकोस इथं. थोडा वेळ राहू दे."