डावी घंटा

वाघोबा रानावर राज्य करायचा, त्या काळची ही गोष्ट. कुणीतरी दुधातून आपल्याला भांग पाजेल, अशी त्याला सारखी धास्ती. म्हणून साळिंदर वैद्यबुवांनी चिमी चिचुंद्रीला तयार केलं. तिनं आधी दूध चाखायचं. डोकं जरा हलकं वाटलं तर डावी घंटा वाजवायची, नाहीतर उजवी. बरोबर आलं की एक शेंगदाणा. भांग मुठीवरून चिमटीवर आली, चिमटीवरून कणावर आली. पण चिमीची घंटा काही चुकेना.

मग भर दरबारात परीक्षा ठरली. वैद्यबुवांनी मुद्दाम साधं दूध ठेवलं. चिमी वाटीकडे निघाली, तेवढ्यात कोल्हेप्रधान वाकून म्हणाले, "चिमीताई, तुमच्यासारखी पारख त्रिभुवनात नाही हो!"

चिमीनं दूध चाखलं आणि ठणकन डावी घंटा वाजवली.

"अगं, साधंच दूध होतं ते!" वैद्यबुवा कळवळले. दरबार खो खो हसला.

"साध्या दुधाची नशा? हाकला हिला!" वाघोबा गरजला.

"महाराज, नशा झाली हे खरं," चिमी चाचरत म्हणाली. "कान गरम झाले, पाय जमिनीला लागेनात. पण ती दुधाआधीच चढली होती. प्रधानजी बोलले ना, तेव्हा."



दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हेप्रधानांनी रोजच्यासारखा मुजरा केला. "महाराज, आपल्या तेजापुढं सूर्यसुद्धा फिका!"

वाघोबाच्या मिशा फुलू लागल्या. मग त्यानं हळूच पंजा लांबवला आणि डावी घंटा वाजवली.