प्रधानाच्या ताटातला भात

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध. त्या पाण्यावर असा तांदूळ पिकायचा की एका घरात भात शिजला तर चार घरांपलीकडे वास जायचा. पण मातीचा बांध म्हणजे दरवर्षीचं दुखणं. खेकडे त्याला बिळं पाडायचे, आणि पावसाळ्याआधी ती बुजवली नाहीत तर बांधाचा काही भरवसा नसे.

म्हणून गावाची एक रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घरानं सूपभर तांदूळ गावाच्या कोठीत घालायचा. त्याला म्हणायचे बांधाचा तांदूळ. उन्हाळ्यात सगळं गाव बांधावर माती वाहायचं आणि त्याच तांदळाचा भात रांधून तिथंच एका पंगतीला जेवायचं. ज्याच्या घरी त्या दिवसांत चूल पेटायची मारामार, तोही पोटभर जेवायचा आणि मनापासून राबायचा. कोठीची किल्ली पाटलाच्या कनवटीला असे.

पाटलाला एक थोरली बहीण होती. सगळं गाव तिला आक्का म्हणे. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, मूलबाळ काही नव्हतं. बांधाच्या अगदी खाली तिचं खोपट आणि दोन वाफे जमीन. आई गेल्यावर पाटलाला कडेवर घेऊन तिनंच वाढवलं होतं. कोठीवर पहिलं सूप घेऊन यायची तीही आक्काच.

एका वर्षी सुगीनंतर राजधानीहून एक गृहस्थ घोड्यावरून आले. बोटांत अंगठ्या, बोलणं लोण्यासारखं. गावोगावची गाऱ्हाणी दरबारात पोचवायची, हाच त्यांचा धंदा.

"पाटील," ते म्हणाले, "शेजारच्या गावाला दगडी बांध मिळाला, तो काय आपोआप? राजाची गावं उदंड. तुमचं नाव प्रधानांच्या कानावर घालणारं तिथं कुणी नको का? ते काम माझ्यावर सोपवा."

"आन् त्याला लागंल काय?"

"थोडं मला, थोडं प्रधानांना. रिकाम्या हातानं दरबारात जाणं बरं दिसत नाही. तुमचा तांदूळ आहेच की. फक्त निवडून पाखडून द्या. कणी नको."

पाटलाच्या डोळ्यांपुढे दगडी बांध उभा राहिला. दरवर्षीची माती ओढायची कटकट कायमची मिटणार. त्या बांधावर आपलं नाव कोरलेलं असेल, असंही मनात येऊन गेलंच. त्यानं कोठीतला अर्धा तांदूळ गाडीत भरून दिला.

त्या उन्हाळ्यात पंगत अर्धीच बसली आणि बिळंही अर्धीच बुजली. राजधानीहून निरोप आला की प्रधान शिकारीला गेलेत, पण काम होणार. पुढच्या सुगीला गृहस्थ पुन्हा हजर झाले. या खेपेला त्यांना सगळी कोठी हवी होती.

हे ऐकून आक्का आपलं सूप तसंच हातात घेऊन पाटलासमोर उभी राहिली. "आरं, समदा तांदूळ दिलास तर उपाशीपोटी माती कोण वाहंल?"

"आक्का, दगडी बांध आला की मातीचं कामच उरत न्हाई."

"यील तवा यील. खेकडं काय परधानाला इचारून बिळं पाडत्यात व्हय?"

जमलेले लोक हसले. पाटलाला ते झोंबलं. "तुला दरबारातलं काय कळतंय? आता मागं सरलो तर आदी दिल्याला तांदूळबी पाण्यात जाईल."

आक्कानं सूप कोठीत रितं केलं, रीत होती म्हणून. गृहस्थांची गाडी तेवढाही तांदूळ घेऊन गेली.

उन्हाळा आला. कोठीच मोकळी, तेव्हा हातावर पोट असलेली माणसं कामासाठी दुसऱ्या गावांना गेली. बांधावर कुणी फिरकलं नाही. पाऊस लागला, तळं भरू लागलं, तरी दगडांचा पत्ता नव्हता. शेवटी पाटील स्वतःच राजधानीला निघाला.

आक्कानं त्याला भाकरी बांधून दिली. "लौकर ये. माझ्या भुईला वल यायला लागलीया."

"तू माझ्या घरी ऱ्हायला जा."

"आन् बांधाकडं कोण बघंल?"

"दगड घिऊनच येतो बघ," पाटील म्हणाला.

राजधानीत गृहस्थांनी त्याला प्रधानाच्या वाड्यावर नेलं. प्रधान जेवायला बसला होता. दारातच पाटलाला ओळखीचा वास आला.

"या पाटील! तुमचाच तांदूळ. आता दुसरा घशाखाली उतरत नाही."

पाटलानं हात जोडले. "सरकार, आमचा बांध फुटायला आलाय. दगड द्या."

प्रधान मोठ्यानं हसला. "ज्या तळ्यावर असा तांदूळ पिकतो, आणि गाड्या भरून वाटण्याइतका पिकतो, त्या तळ्याला काय धाड भरलीय? शेजारच्या गावची माणसं स्वतः चालत आली होती, वाळक्या लोंब्या घेऊन. त्यांना दगड दिला. तुम्ही तर खाऊनपिऊन सुखी दिसता. यंदा तुमचा शेतसारा थोडा वाढवावा म्हणतो."

पाटलानं गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थ ताटातल्या भाताकडे बघत होते. निघताना प्रधानानं पाटलाच्या खांद्यावर एक जरीचा शेला घातला. दरबारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसत नाही ना!

तो शेला घेऊन पाटील गावाच्या वेशीवर आला, तेव्हा तळं उरलं नव्हतं. बांध मधोमध फुटला होता आणि शेतांवर नुसता गाळ होता. लोक खाली माना घालून उभे होते.

"आक्का एकलीच बिळं बुजवत हुती," एक म्हातारा म्हणाला. "हाका मारत हुती. आमी पोचलो तवर बांधच न्हवता."

ती खूप लांब, ओढ्याच्या वळणावर सापडली. मातीची पाटी तिथंच काट्यांत अडकली होती. पाटील लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला, पण त्याला उगी करणारी आता कुणी नव्हती.

दहाव्याला पिंडासाठी मूठभर तांदूळ हवा होता. पाटलानं कोठी उघडली. आत तांदळाचा वास तेवढा होता. घराघरांतल्या कणग्या पाण्यानं कुजल्या होत्या. तेव्हा पाटील स्वतः शेजारच्या गावात गेला आणि पहिल्याच दारात उभा राहिला. घरातली बाई ओंजळभर तांदूळ घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कशात घालू, दादा?"

पाटलाकडे दुसरं काही नव्हतं. त्यानं दरबारातला तो जरीचा शेला तिच्यापुढे पसरला.

तात्पर्य: गावानं गावासाठी साठवलेलं धान्य ज्यानं वरच्यांची मर्जी राखायला वाटून टाकलं, त्याच्या गावाला ना ती मर्जी पुरली, ना ते धान्य उरलं.