तिरकुलीचा शेंगदाणा

धबधब्याच्या पायाशी एक खेकडी राहायची. एवढीशी. बोराएवढी! तिचं नाव तिरकुली.

सगळे चालतात सरळ. तिरकुली चालायची तिरकी. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

एके सकाळी काय झालं? तिरकुलीला पायवाटेवर शेंगदाणा सापडला. खरपूस भाजलेला. गुलाबी सालीचा. अख्खा!

तिरकुली म्हणाली, "धबधब्याखाली बसेन. तुषार अंगावर घेईन. कुरुम कुरुम खाईन."

निघाली तिरकुली. तिरकी तिरकी, तुरु तुरु. आणि अरे अरे अरे! नांगी सटकली. शेंगदाणा निसटला. टुण् टुण् टुण्... धोंड्याखाली गुडुप!

तिरकुलीने नांगी घातली. पोचेना. काडी घातली. पोचेना. पोटात भूक गुडगुडायला लागली. तिरकुलीला रडूच आलं. थोडंसं रडली. मग डोळे पुसले.

"धोंडोबा, धोंडोबा, हला ना! माझा शेंगदाणा गेला खाली."

धोंडा म्हणाला, "नाही गं बाई! मी नाही हलायचा. माझं बूड किती जड! ओढ्याने ढकललं, तर हलेन."

तिरकुली गेली ओढ्याकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"ओढेदादा, ओढेदादा, ढकल ना! माझा शेंगदाणा गेला खाली. धोंडा काही हलेना."

ओढा म्हणाला, "नाही गं बाई! मी नाही ढकलायचा. माझ्यात पाणीच कुठाय? तिकडे वर मामांनी बांध घातलाय. मामांनी बांध सोडला, तर ढकलेन."

तिरकुली गेली वर. तिरकी तिरकी, तुरु तुरु. बघते तर काय! दिगूमामा पाण्यात उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दगडावर दगड रचून बांध घातलेला. आणि बांधात गार करत ठेवलेलं तवसं! तवसं म्हणजे ही थोरली काकडी. लांबच लांब, ढब्बी ढब्बी.

"मामा, मामा, बांध सोडा ना! माझा शेंगदाणा गेला खाली. धोंडा काही हलेना. ओढा काही ढकलेना."

मामा म्हणाले, "नाही गं बाई! मी नाही सोडायचा. तवसं जाईल की वाहून! आजोबा वर आले, की तवसं कापायचं. मग बांध सोडेन. आणि काय गं, तू अशी तिरकी का चालतेस? सरळ चाल की!"

तिरकुलीने आपल्या पायांकडे पाहिलं. तिला जरासं वाईट वाटलं. पण शेंगदाणा महत्त्वाचा!

ती निघाली आजोबांकडे. पायवाटेने खाली. एक उतार उतरली. एक वळण वळली. एक साकव ओलांडला, लाकडी, डुगूडुगू हलणारा. तिरकी तिरकी, तुरु तुरु. साकवापलीकडे आजोबा बसलेले. काठी मांडीवर, टोपी डोळ्यांवर.

"आजोबा, आजोबा, उठा ना! माझा शेंगदाणा गेला खाली. धोंडा काही हलेना. ओढा काही ढकलेना. मामा बांध सोडेनात."

आजोबा म्हणाले, "नाही गं बाई! मी नाही उठायचा. गुडघे करतात कुरकुर कुरकुर. माझ्या रेणूने हात धरला, तर उठेन. पण ती बघ, कशी बसलीय!"

चार पावलांवर रेणू बसली होती. पाठ फिरवून. गाल फुगवून. हाताची घडी घालून.

तिरकुली गेली रेणूकडे. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

"रेणू, रेणू, ऊठ ना! माझा शेंगदाणा गेला खाली. धोंडा काही हलेना. ओढा काही ढकलेना. मामा बांध सोडेनात. आजोबा काही उठेनात."

रेणू म्हणाली, "नाही नाही नाही! मी नाही उठायची. घरून निघताना आई म्हणाली, आलाच धबधबा. मामा म्हणाला, आलाच धबधबा. आजोबा म्हणाले, आलाच धबधबा. येतच नाही! किती लांब आहे, ते खरं सांग. तर उठेन."

तिरकुली विचारात पडली. आपणही म्हणावं का, आलाच? म्हणजे ही पटकन उठेल.

पण तिरकुली चालायची तिरकी. बोलायची सरळ.

ती म्हणाली, "आला नाही अजून. आधी एक साकव. मग एक वळण. मग एक चढ. मग धबधबा."

रेणूने बोटं मोजली. साकव. वळण. चढ. "तीनच?"

"तीनच. पण चढ मोठा आहे. दम लागतो."

"मग काय करायचं?"

"माझ्यासारखं चालायचं. तिरकी तिरकी, तुरु तुरु."

रेणू खुदकन हसली. आणि उठली!

रेणूने धरला आजोबांचा हात. आजोबा उठले. "हुश्श!"

एक साकव ओलांडला. रेणूने एक बोट मिटलं. एक वळण वळले. दुसरं बोट मिटलं. मग आला चढ. तिरकुली पुढे, रेणू मागे, आजोबा तिच्या मागे. सगळे तिरके तिरके, तुरु तुरु.

आजोबा म्हणाले, "अरेच्चा! गुडघे कुरकुरत नाहीत की!"

तिसरं बोट मिटलं. आणि समोर... धो धो धो! धबधबा!

रेणू ओरडली, "आला! आला! खरंच आला!"

आजोबा वर आले, मामांनी तवसं कापलं. कच कच कच. तवसं कापलं, मामांनी बांध सोडला. बांध सोडला, ओढ्यात पाणी आलं. खळखळ खळखळ! पाणी आलं, ओढ्याने धोंड्याला ढकललं. हुप्पा! ओढ्याने ढकललं, धोंडा हलला. गड गड गड!

आणि धोंड्याखालून... टुणुक! शेंगदाणा वर!

तिरकुलीने तो झपकन पकडला. दोन्ही नांग्यांनी. घट्ट!

मग ती धबधब्याखाली बसली. रेणूही शेजारी बसली. तुषार दोघींच्या अंगावर. तिरकुलीने शेंगदाणा फोडला. टक्! दोन फाका झाल्या. एक तिरकुलीला. एक रेणूला. रेणूने दिला तवशाचा तुकडा. गार गार!

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

परत निघताना आजोबा तिरके उतरले. रेणू तिरकी उतरली. आणि सगळ्यांच्या मागून कोण? दिगूमामा! तेही तिरके तिरके, तुरु तुरु.

तिरकुली दगडावर बसून बघत राहिली. पोट भरलेलं. हसू मावेना.

तिरकुलीची तिरकी गोष्ट सरळ आपल्या घरी आली. आता डोळे मीट बरं.